मुनीम आणि अकरा काठ्या

गणपतीत दांडिया बाजारातल्या पोरांनी काळे टी-शर्ट छापून घेतले. मंडळाचा हिशेब माझा भाचा ठेवतो, म्हणून त्याच्या पाठीवर रोमन लिपीत ‘मुनीम’ (munim). अक्षरं जाड, टोकदार, जुन्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखी. मावशी ओट्यावरून म्हणाली, “अरे, हे पाठीवर कुंपण कसलं?”

मावशीचं चुकलं नव्हतं. या वळणाला ब्लॅकलेटर म्हणतात. रुंद टाकाने उभे ठोकळे ओढायचे आणि टोकाला तिरका चौकोन ठेवायचा, एवढ्यावर त्याची छोटी अक्षरं उभी राहतात. ‘एम’ला तीन काठ्या, ‘यू’ला दोन, ‘एन’ला दोन, ‘आय’ला एक. आता मुनीम मोजा: 3, 2, 2, 1, 3. अकरा सारख्या काठ्या! सांधणाऱ्या रेषा केसासारख्या बारीक, त्या लांबून दिसतच नाहीत. मध्ययुगातल्या लेखनिकांचीही हीच पंचाईत होती. ‘आय’ वेगळा कळावा म्हणून ते त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ देऊ लागले, आजचा ठिपका त्यातूनच आला.

आपल्या बोरूचा काप याच्या उलट. त्यामुळे देवनागरीत जाडी दुसऱ्या तिरक्या दिशेला पडते. शिवाय शिरोरेषेखाली प्रत्येक अक्षराचा आकार निराळा, म्हणून कुंपण होत नाही.

जर्मन मुद्रक गुटेनबर्गने 1455च्या सुमारास बायबल छापलं ते याच वळणात. हाताने लिहिल्यासारखं दिसावं म्हणून त्याने सुमारे 290 वेगवेगळे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, पाडले होते. त्या वळणाचं नाव टेक्स्टुरा, म्हणजे विणलेलं. पानभर काळं-पांढरं सारखं विणलेलं दिसतं, कारण काठी जेवढी रुंद, तेवढीच मधली फट.

‘बोल्ड’ करताना बळी जातो तो या फटीचा. निकोप डोळ्याला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी फट जेमतेम ओळखता येते. टी-शर्टवरचं अक्षर 5 सेंटिमीटर उंच धरा. मूळ वळणात फट साधारण 1 सेंटिमीटर, ती 34 मीटरवरून दिसेल. काठ्या फुगवून फट 3 मिलिमीटर केली, की दहा मीटरपुढे सगळा काळा पट्टा. शाई वाढवली आणि अक्षर आंधळं झालं.

म्हणून हा टाइप शोभतो तो वर्तमानपत्राच्या नावाला, प्रमाणपत्राच्या मथळ्याला, बिअरच्या लेबलाला. तिथे एक-दोन ओळखीचे शब्द असतात, ते कोणी अक्षर लावून वाचत नाही. सगळी कॅपिटल तर कधीच लावू नयेत, ती एकेकटी मिरवायला केलेली नक्षी आहे. (हे वळण नाझींचं, असंही काही जण समजतात. प्रत्यक्षात 1941 मध्ये नाझी सरकारनेच त्याला ‘ज्यूंची अक्षरं’ ठरवून हटवलं.)

भाच्याने पुढच्या खेपेला काठ्या बारीक केल्या, पहिला ‘एम’ तेवढा कॅपिटल घेतला आणि ‘आय’वर लाल ठिपका दिला. आता मावशी ओट्यावरून म्हणते, “आला बघ मुनीम!” पण येताना तर त्याची पाठ दिसत नाही.