पुन्हा नळी घालण्याची जोखीम आणि 48 तासांची मुदत : पार्श्वभूमी

1952 मध्ये कोपनहेगनच्या पोलिओ साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्ण जगवले, तेव्हा श्वास चालू ठेवणे हीच मुख्य चिंता होती. रुग्णाला श्वसनयंत्राला जोडण्यासाठी श्वासनलिकेत घातलेली नळी काढल्यावर ती पुन्हा कोणाला घालावी लागेल, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास मुख्यतः 1990 नंतरचा आहे.

1991 मध्ये श्वासांची गती आणि एका श्वासातील हवा यांचे गुणोत्तर मांडले गेले आणि त्याची 105 ही मर्यादा (त्याहून कमी आल्यास रुग्ण उत्तीर्ण) अतिदक्षता विभागांत रूढ झाली. यंत्राविना रुग्णाला श्वास पेलवेल का, याचा अंदाज त्यातून येतो. कफ बाहेर टाकता येईल का, घशाला सूज येईल का, हे मात्र कळत नाही. टी-पीसवर (यंत्राचा आधार काढून नळीला नुसता ऑक्सिजन देणाऱ्या जोडणीवर) अर्धा तास शांतपणे श्वास घेणारा, पण सक्शन करताना म्हणजे कफ ओढून काढतानाही जेमतेम खोकणारा रुग्ण या चाचणीत उत्तीर्ण होतो. 2004 मधील एका अभ्यासाने हीच उणीव दाखवली: खोकल्याचा वेग मिनिटाला 60 लिटर किंवा त्याहून कमी असणे, तासाला अडीच मिलिलिटरहून जास्त स्राव निघणे आणि डोळे उघडणे, नजर फिरवणे, हात धरणे, जीभ बाहेर काढणे या चार सूचना पाळता न येणे, ही त्यात जोखमीची लक्षणे ठरली. मोजायला इतक्या सोप्या गोष्टींकडे आजही पुरेसे लक्ष दिले जात नाही.

खरा वाद मुदतीचा आहे. पुष्कळ अभ्यासांत 48 तासांत पुन्हा नळी घालावी लागली तरच नळी काढणे अपयशी मानले गेले. स्वरयंत्राची सूज लवकर त्रास देते, तर हृदयाचा कमकुवतपणा, साचलेला कफ किंवा नवा न्यूमोनिया यांचा परिणाम उशिराही दिसतो. त्यामुळे मुदत बदलली की जोखमीच्या घटकांची यादीही बदलते. मास्कद्वारे श्वासाला आधार देणे रूढ झाल्यावर हा गुंता वाढला. 2004 च्याच एका मोठ्या चाचणीत, नळी काढल्यानंतर धाप लागलेल्यांना मास्क लावल्याने पुन्हा नळी घालण्याचा मध्यक काळ अडीच तासांवरून 12 तासांवर गेला आणि अतिदक्षता विभागातील मृत्यू 14 टक्क्यांऐवजी 25 टक्के झाले. म्हणजे नळी टळली नाही, लांबली, आणि हा उशीरच घातक ठरला असावा. पुढे मुदत 72 तास, काही अभ्यासांत 7 दिवस धरली गेली. 65 वर्षांवरील किंवा हृदयाचे किंवा फुप्फुसांचे जुने दुखणे असलेल्या रुग्णांना, धाप लागण्याची वाट न पाहता, नळी काढताच मास्क किंवा हाय-फ्लो ऑक्सिजन (नाकावाटे जोरदार प्रवाहाने दिलेला ऑक्सिजन) देण्याचा विचार त्यानंतरच्या चाचण्यांतून बळावला.