खोताचे घर (कोकण)

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग भागात गावाचा शेतसारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे राहते घर. भोवतीचे आगर (नारळ-पोफळीची बाग), खालचे भातमळे आणि वरचा डोंगर यांच्यापासून ते वेगळे काढले, तर त्याची रचना समजतच नाही.

शास्त्री नदीचे खोरे हे याचे चांगले उदाहरण. ते संगमेश्वराहून जयगडच्या खाडीपर्यंत उतरते. अशा खोऱ्यात जमिनीची वाटणी उंचीवर ठरते. माथ्यावर कातळाचा सडा म्हणजे उघडे पठार, त्याखाली आंबा-काजूचा उतार, मग घर व आगर, आणि नदीकाठी भात. घर मधल्या पट्ट्यात येण्याचे कारण पाणी. सड्याचा सच्छिद्र जांभा दगड पावसाचे पाणी पितो. ते खालच्या चिकण थरावर अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येते. विहीर तिथेच लागते, तिचे पाणी पाटाने पोफळी-नारळींना देता येते, आणि पिकाऊ मळाही घराखाली जात नाही. जुन्या माणसांना ही जागा अचूक कळत असे.

वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस झेलायचा, म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांचे उंच जोते आणि खाली उतरत आलेले छप्पर. आधी नळीची कौले असत. १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना निघाल्यानंतर पुढे मंगलोरी कौले रुळली. खळे (पुढचे अंगण), पडवी, ओटी (उंच बैठकीची जागा), माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागीलदार असा क्रम असतो. न्हाणीचे पाणी केळी-अळूला जाते. पावसाळ्यापूर्वी पडवीला झावळ्यांची झापे बांधतात. आगराभोवती चुन्याशिवाय रचलेला गडगा म्हणजे दगडी बांध, आणि वाडीतून वर येणारी चिऱ्यांची पाखाडी म्हणजे पायवाट.

ओटीची उंची पावसासाठी होती, तशी अधिकारासाठीही. मक्त्याचे, म्हणजे खंडाचे, भात घेऊन कूळ (खोताची जमीन कसणारा शेतकरी) येई ते खळ्यात उभे राही. ओटीवर कोणी चढायचे हे जातीने ठरे. कुळांकडून वेठही घेतली जाई. या घरांचे देखणेपण सांगताना हे गाळणे अप्रामाणिक ठरेल: चिरे वाहणारे, गडगे रचणारे हात बहुतेक कुळांचेच होते. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोती पद्धतीविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसता संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; कायदा झाला १९४९ मध्ये. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला आणि कसणाऱ्या अनेक कुळांच्या नावे जमिनी लागल्या.

खोतांकडे उरले ते मुख्यतः घर, आगर आणि वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, डोंगर. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले, तेव्हा अशा वरकसावर हापूस आणि काजूच्या बागा उभ्या राहिल्या. घराचे मात्र हिस्से पडत गेले. सातबाऱ्यावर चुलतभावंडांची नावे वाढली, माणसे मुंबई-पुण्याला गेली आणि दार शिमग्याला नि गणपतीला तेवढे उघडू लागले. जांभा टिकतो, बिघाड सुरू होतो तो छपरापासून. फुटलेले कौल वेळेत बदलले नाही की वासा भिजतो, वाळवी लागते आणि मातीच्या गिलाव्यात पाणी मुरते. म्हणून मे महिन्यातली कौलांची चाळणी, म्हणजे ती उतरवून, झाडून पुन्हा लावणे, हे अशा घराचे वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.