मुस्लिम लोकसंख्यावाढीचे खरे कारण
मुस्लिम समाजांतील जन्मदर कधीच घटत नाही, हा वर्षानुवर्षे फिरणारा दावा साफ चुकीचा आहे. इराणमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस एका स्त्रीमागे सरासरी सहाहून अधिक मुले होती. पुढे ग्रामीण आरोग्यकेंद्रांतून मोफत गर्भनिरोधके मिळू लागली, मुली अधिक शिकू लागल्या आणि अवघ्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण दोनच्या खाली आले, इतकी वेगवान घट जगात क्वचितच झाली असेल. बांगलादेशातही घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांमुळे मोठी घट झाली. नायजरसारख्या देशांत जन्मदर अजून चढाच आहे, हे खरे. पण एकूण वाढीमागे तरुण वयोरचनाही तितकीच महत्त्वाची आहे. २०१० मध्ये मुस्लिमांचे मध्यक वय (निम्मे लोक ज्याहून लहान आणि निम्मे मोठे असतात ते वय) २३ होते, जगाचे २८. त्यामुळे प्रत्येकीला मुले कमी झाली, तरी आई होणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी राहते.