एलएसबीएलके ४० म्हणतं, डीएफ २०च म्हणतं

लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन बंद केलं, सेटिंगमध्ये जाऊन डिस्क २० जीबीची ४० केली, मशीन परत चालू केलं. तरी डेटाबेस 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणत अडूनच बसलाय. डीएफ (df, वापरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) चालवलं तर रूट, म्हणजे '/' ही मुख्य फाइलसिस्टीम, अजूनही २० जीबीच, तेही काठोकाठ भरलेलं. अशा वेळी बरेच जण घाईघाईने परत सेटिंगमध्ये जातात आणि ४०चे ६० करतात. कृपा करून तसं करू नका. डिस्क वाढलेलीच आहे, आणि क्लाउडवर एकदा वाढवलेला व्हॉल्यूम सहसा परत लहान करता येत नाही. बिल मात्र दर महिन्याला येत राहतं.

आधी एलएसबीएलके (lsblk, डिस्क आणि तिचे भाग दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. एसडीए या डिस्कच्या नावासमोर ४०जी दिसेल आणि त्याच्याखाली फांदीसारखा फुटलेला एसडीए१, म्हणजे डिस्कचा एक भाग (पार्टिशन), त्याच्यासमोर २०जी. म्हणजे दोनपैकी एक आज्ञा खोटं सांगतेय असं नाही. एलएसबीएलके कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) विचारतं की डिस्क केवढी आणि तिच्यावरची पार्टिशनं केवढी. डीएफ फाइलसिस्टीमला (पार्टिशनवर फाइल्सचा हिशेब ठेवणाऱ्या रचनेला) विचारतं की तुझ्या हिशेबात जागा किती. फाइलसिस्टीम बनते तेव्हाच ती आपला आकार सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे स्वतःच्या माहितीच्या नोंदीत, लिहून ठेवते. पुढे तिच्याखालची जमीन वाढली तरी कुणी सांगेपर्यंत तिला पत्ता नसतो.

शेजारचं रान विकत घेतलं तरी बांध जुन्याच जागी असतो. आणि बांध सरकवला तरी नांगर फिरेपर्यंत तिथे काही उगवत नाही. ग्रोपार्ट (growpart) बांध सरकवतं, म्हणजे पार्टिशनची हद्द वाढवतं. रिसाइझ-टू-एफएस (resize2fs) नांगर फिरवतं, म्हणजे फाइलसिस्टीम त्या हद्दीपर्यंत वाढवतं. नवीन माणसाची गल्लत होते ती या दोघांतच, कारण दोन्हींचं वर्णन 'साइझ वाढवणारी कमांड' असंच केलेलं असतं.

ग्रोपार्टला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा सुटा द्यायचा: डेव्ह-एसडीए, मग एक स्पेस, मग १. एसडीए१ असं जोडून लिहिलं की ते चालत नाही. ग्रोपार्ट फक्त पार्टिशन टेबलमध्ये (पार्टिशनांच्या यादीत) त्या पार्टिशनच्या शेवटाचा आकडा बदलतं. सुरुवात जिथे होती तिथेच राहते, म्हणून डेटा जागचा हलत नाही. 'चेंज्ड' असं उत्तर आलं की झालं. 'नोचेंज' आलं तर दोन शक्यता: एक तर नवी जागा कर्नलला अजून दिसलेलीच नाही, नाही तर पुढे कुणीतरी वाट अडवून बसलंय. डेबियनच्या साध्या इन्स्टॉलमध्ये हा अडवणारा बहुतेक वेळा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असतो, एसडीए२ नावाच्या एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात एसडीए५. तेव्हा स्वॅप बंद करायचा, ती दोन्ही काढायची, एफएसटॅबमधली (बूट होताना काय जोडायचं त्याच्या यादीतली) त्याची ओळ काढायची आणि नंतर स्वॅप फाइल करून घ्यायची. पण आकड्यांच्या क्रमावर विसंबू नका. उबंटूच्या क्लाउड इमेजमध्ये १४ आणि १५ नंबरची पार्टिशनं डिस्कवर १ नंबरच्या आधी बसलेली असतात, त्यामुळे तिथे १ला पुढे वाट मोकळीच असते.

आता नांगर. मी सुरुवातीला थेट रिसाइझ-टू-एफएसच चालवायचो आणि ते 'नथिंग टू डू' म्हणून परत यायचं. त्याचं बरोबरच होतं. बांध सरकलाच नव्हता, तर नांगरायचं काय? हे उत्तर दिसलं की ग्रोपार्ट राहिलंय असं समजा.

इथे अजून एक जोडी गोंधळ घालते. रिसाइझ-टू-एफएस हे एक्सटी४साठी, आणि त्याला डिव्हाइसचं नाव लागतं. रेड हॅट घराण्यात सहसा एक्सएफएस असतं, तिथे एक्सएफएस-ग्रोएफएस वापरायचं आणि त्याला माउंट पॉइंट (फाइलसिस्टीम जिथे जोडलेली आहे ती जागा) द्यायचा, म्हणजे रूटसाठी नुसता स्लॅश. कोणती फाइलसिस्टीम आहे ते 'डीएफ -टी'मध्ये दिसतं (टी मोठी). दोन्ही कामं माउंट असतानाच होतात, सेवा थांबवावी लागत नाही.

मध्ये एलव्हीएम (पार्टिशनांची जागा एका साठ्यात घेऊन वाटून देणारा थर) असेल तर पार्टिशननंतर पीव्हीरिसाइझ आणि मग एलव्हीएक्स्टेंड. एलव्हीएक्स्टेंडला 'आर' हा पर्याय जोडला की फाइलसिस्टीमही तेच वाढवतं. उबंटू सर्व्हरवर मात्र आधी व्हीजीएस (त्या साठ्यात किती जागा शिल्लक आहे ते दाखवणारी आज्ञा) बघा. तिथला इन्स्टॉलर बऱ्याचदा अर्धी जागा वाटून न देता तशीच ठेवतो, मग नवी डिस्क मागायची गरजच पडत नाही.

स्नॅपशॉटचा (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदीचा) क्रमही आधी ठरवा. व्हीएमवेअरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवता येत नाही. म्हणून आधी डिस्क वाढवा, मग स्नॅपशॉट घ्या, आणि मगच ग्रोपार्टला हात लावा. डिस्कच्या आकाराचा आकडाही विचार करूनच टाका. एक्सटी४ लहान करता येते, पण अनमाउंट करून, म्हणजे रूट असेल तर दुसऱ्या आयएसओवरून बूट करून. एक्सएफएसला तर व्यवहारात तीही सोय नाही. तिथे नवी लहान डिस्क जोडायची आणि सगळा डेटा तिच्यावर उचलून न्यायचा.