आगीत शिरणाऱ्या जवानाची सुरक्षा : आजच्या टीकेमागचा इतिहास

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या घराला आग लागली, की बंब पोहोचायच्या आत समोरच्या गॅलऱ्यांतून मोबाइल सुरू झालेले असतात. पूर्वी अशा आगीनंतर एकच तक्रार ऐकू यायची, गाडी उशिरा आली. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी आली आहे. धुरकटलेल्या खोलीत जवानाच्या तोंडाला मास्क नाही, अंगात साधा गणवेश, हे लोकांना खटकते. मला ही टीका रास्त वाटते आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र त्या जवानाला बेफिकीर ठरवून मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या सुरक्षेचा बराचसा निकाल आगीची वर्दी मिळण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवरच्या कापसाने पेट घेतला. त्याच बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटके होती, पण धोक्याचा लाल बावटा फडकत नव्हता. पाण्याचा मारा चालू असतानाच दुपारी चारनंतर एकापाठोपाठ दोन स्फोट झाले. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. आपण या दिवशी त्यांच्या शौर्याला वंदन करतो, ते योग्यच आहे. पण त्या दिवसाने आणखी एक गोष्ट शिकवली होती. आगीत माणूस पाठवायचा, तर आत काय आहे हे त्याला आधी कळले पाहिजे. तिची आठवण त्या मानाने कमी निघते.

९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन गंभीर भाजले आणि पुढच्या काही दिवसांत उपचार घेताना दगावले. चौघेही अनुभवी अधिकारी होते. जवानांचा पोशाख, साधने, धोकादायक इमारतीत कधी शिरायचे आणि कधी माघार घ्यायची, हे प्रश्न त्यानंतर दलाबाहेरही विचारले जाऊ लागले.

आता मास्ककडे येऊ. जवान ज्याला ‘बीए सेट’ म्हणतात, त्या श्वसन उपकरणात मास्क आणि पाठीवर हवेचा सिलिंडर असतो. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने साधारण दोन हजार लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरले, तर कागदावर ती ५० मिनिटे पुरते. पण अंगावर जड पोशाख, खांद्यावर होज म्हणजे पाण्याचा जाड पाइप आणि समोर जिना असला, की छाती भात्यासारखी चालते आणि तीच हवा निम्म्या वेळात संपते. दाब उतरला की शिट्टी वाजते. मग काम अर्धवट टाकून बाहेर पडावे लागते.

ज्वाळा शमल्या की कुलिंग सुरू होते. भिंती, माळे, गाद्या उसकटून दडलेला विस्तव विझवायचा असतो. घामाने निथळणारा जवान बहुधा इथेच मास्क उतरवतो, कारण धूर विरळ झालेला असतो. धोका मात्र तिथेच असतो. कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो. सोफ्यातला आणि गादीतला फोम धुमसतो, तेव्हा हायड्रोजन सायनाइडही निघते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. त्वचेवर आणि कपड्यांवर बसलेली काजळी जवानाबरोबर केंद्रात येते, म्हणून धुतलेला दुसरा पोशाख हाताशी असणे ही चैन नव्हे. तसेच भरलेल्या जादा सिलिंडरचे.

हे सगळे आणायचे कोणी? ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे पालिकांचे काम म्हणून नोंदले आहे. म्हणजे जवानाचा पोशाख रस्ते आणि गटारांच्याच अंदाजपत्रकात बसवावा लागतो. नवी मुंबईच्या पट्ट्यात तर महापालिका, सिडको आणि एमआयडीसी यांची अग्निशमन यंत्रणा वेगवेगळी आहे.

उरलेली जबाबदारी आपली, रहिवाशांची. राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा असून डिसेंबर २००८ पासून लागू आहे. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याचे काम तो मालकावर आणि वापरणाऱ्यावर सोपवतो. परवानाधारक संस्थेकडून तपासून घेतलेले प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. प्रत्यक्षात किती सोसायट्यांत जिन्याजवळची लाल पेटी उघडली की होजऐवजी झाडू हाती लागतो! नोझल गायब, पंप बंद, आगीत आसरा घेण्यासाठी मोकळ्या ठेवायच्या रेफ्यूज एरियात जुने फर्निचर, डक्टमध्ये चपलांची कपाटे.

२०२५ च्या दिवाळीत वाशीच्या सेक्टर १४ मधल्या इमारतीत दहाव्या मजल्यावर लागलेली आग बाराव्यापर्यंत चढली आणि चौघांचा जीव गेला. इतक्या उंचीवर इमारतीच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी बसवलेल्या नळाला, पाणी नसेल, तर जवानांना तळमजल्यापासून होज जोडत जिन्याने चढावे लागते. हवा तोवर जपायची म्हणून काहीजण मास्क न लावताच वर जातात. जिन्यात धूर भरलेला असेल, तर तीही सोय उरत नाही आणि दारापर्यंत पोहोचताना सिलिंडर बराच रिकामा झालेला असतो. जवानाच्या मास्कबद्दल ज्यांना मनापासून काळजी वाटते, त्यांनी सोसायटीच्या पुढच्या सभेत जुलैचे प्रमाणपत्र मागावे आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडून पाणी येते का ते पाहावे.