सुरकुत्यांचं इंजेक्शन घेण्याआधी कुपी पाहा

लगीनसराईत ठाण्या-नवी मुंबईतल्या त्वचेच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो: ‘मुलाचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे, कपाळावरच्या आठ्या तेवढ्यात जातील ना?’ बहुतेक वेळा नाही. आणि का नाही, हे कळलं की या इंजेक्शनाबद्दलचं निम्मं काम होतं.

आठ्यांसाठी दिलं जाणारं औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. बोटॉक्स हे त्यातल्या एका ब्रँडचं नाव. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूने तयार केलेलं हे प्रथिन जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं, तर श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. इंजेक्शनात मात्र त्याची मात्रा अतिसूक्ष्म असते, आणि ती ठरावीक स्नायूतच दिली जाते. मेंदूचा आदेश चेतातंतूच्या टोकाशी पोहोचला की तिथून असिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आवळतो. ते बाहेर पडायला जे प्रथिन लागतं, नेमकं तेच टॉक्सिन कापून टाकतं. आदेश येतो, पण स्नायू हलत नाही. परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे. टोचलेल्या जागी निळसर डाग पडला तर तो जायलाही काही दिवस हवेत. म्हणून लग्नाच्या निदान महिनाभर आधी जावं. पुढे तीन-चार महिन्यांत चेतातंतू आणि स्नायूची जोडणी पूर्ववत होते आणि आठ्या परततात.

हे औषध आलं डोळ्यांच्या उपचारातून. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी १९७०च्या दशकात तिरळेपणासाठी त्याचे प्रयोग सुरू केले, आणि १९८९ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आकडीसाठी ते देत होत्या. त्यांच्या रुग्णांच्या भुवयांमधल्या रेषा पुसट झाल्या, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अलेस्टर यांनी त्याचा पाठपुरावा केला. भुवयांमधल्या रेषांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली २००२ मध्ये.

म्हणजे हे इंजेक्शन स्नायू सैल करतं, त्वचा नवी करत नाही. भुवया आक्रसल्या, हसलं की उमटणाऱ्या रेषा त्याने चांगल्या जातात. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या रेषांचं तसं नाही. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की कापड तिथेच खचतं, तशी ती त्वचा झालेली असते. त्यात उन्हाचा वाटा मोठा. अतिनील किरणांपैकी यूव्हीए प्रकारचे किरण गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतूनही येतात, त्यामुळे घोडबंदर रोडच्या कोंडीत काच लावून बसलं तरी ते चेहऱ्यावर पडतच असतात. रोजचं सनस्क्रीन आणि तंबाखू-सिगारेट बंद, हे आधी. इंजेक्शन नंतर.

आता पैशांचं. मोबाईलवर येणाऱ्या ऑफरमध्ये ‘एका युनिटला इतके रुपये’ असं लिहिलेलं असतं. पण वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात. बोटॉक्सची भुवयांमधल्या रेषांसाठीची नेहमीची मात्रा २० युनिट, पाच जागी चार-चार. दुसऱ्या ब्रँडचा आकडा वेगळा असतो, म्हणून ब्रँड न सांगता दिलेला दर निरर्थक आहे. शिवाय कुपीत भुकटी असते, ती सलाईनमध्ये विरघळवून वापरतात. किती विरघळवली, फ्रिजमध्ये ठेवली होती का, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून कुपी समोर उघडायला सांगा. नाव, बॅच क्रमांक, मुदत वाचा, फोटो काढा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा अयोग्य हातांनी दिलेल्या इंजेक्शनांनंतर अनेक राज्यांतले लोक आजारी पडले, काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यांतल्या काहींनी ते घरी किंवा स्पामध्ये घेतलं होतं. पार्लरच्या मागच्या खोलीत किंवा भिशीच्या घोळक्यात हे इंजेक्शन घेऊच नये, असं मला कळकळीने वाटतं. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का ते तपासा.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, गर्भारपण, अंगावर पाजणं, जेंटामायसिनच्या गटातली अँटिबायोटिक्स, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं सांगा. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. औषध शेजारच्या स्नायूत पसरलं तर पापणी उतरते. बहुतेकदा काही आठवड्यांत ती आपोआप वर येते. गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठा.

फिलरची गोष्ट अगदी निराळी, आणि माझ्या मते जास्त जपण्याची. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्या किंवा खपाटीला गेलेले गाल भरायला बहुधा हायलुरोनिक ॲसिडचा जेल टोचतात. तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथला रक्तपुरवठा तुटतो: त्वचा पांढरी पडते किंवा जाळीदार निळसर होते, तीव्र दुखतं, आणि वेळ गेला तर ती मरते. नाक आणि भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. क्वचित का होईना, दृष्टी गेल्याची उदाहरणं आहेत. त्वचेचा रंग असा बदलला तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, लगेच त्याच डॉक्टरांना गाठायचं. दिसायला अंधुक झालं तर क्षणही न दवडता डोळ्यांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जायचं. हा जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं औषध असतं. ते त्या दवाखान्यात आत्ता, या क्षणी आहे का, हे खुर्चीत बसण्याआधीच विचारा. नसेल तर तिथे फिलर घेऊ नका.