ताप चढणं आणि अंग तापणं

दोन माणसं आहेत. दोघांचाही थर्मामीटर १०४ अंश फॅरनहाइट दाखवतोय, म्हणजे ४० सेल्सिअस. एक जण गुडघे पोटाशी घेऊन दोन पांघरुणांखाली कुडकुडतोय, दातावर दात आपटतायत आणि पंखा बंद करा म्हणून विनवतोय. दुसरा भर उन्हात काम करता करता खाली बसला आणि आता असंबद्ध बरळतोय. स्वतःचं नावही त्याला धड सांगता येत नाही. आकडा एकच, पण या दोघांच्या अंगात नेमकं उलट चाललंय. पहिल्याला ताप आलाय. दुसऱ्याला ताप आलेलाच नाही, त्याचं अंग तापलंय. त्याला उष्माघात म्हणतात.

घोटाळ्याचं मूळ थोडं आपल्या भाषेतच आहे. 'ताप' म्हणजे उष्णताही आणि आजारही. पण त्याच भाषेने फरकही जपून ठेवलाय. 'थंडी वाजून ताप आला' आणि 'घाम फुटून ताप उतरला' असं आपण सहज म्हणून जातो. हे वाक्य उलटं वाटायला हवं: अंग तापत असताना थंडी कशी वाजेल?

वाजते, कारण शरीराला तेव्हा गरम व्हायचंच असतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. शरीर किती गरम ठेवायचं हे तो ठरवतो, एरवी ३७ अंशांच्या आसपास, पहाटे थोडं कमी, संध्याकाळी थोडं जास्त. जंतुसंसर्ग झाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिनसारखी रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि हायपोथॅलॅमसचा काटा ३७ वरून, समजा, ३९ वर सरकतो. आता शरीर ३७ वर आहे आणि हवंय ३९. म्हणजे या नव्या हिशोबाने ते दोन अंश 'गार' पडलंय! मग थंडीत करतं तेच सगळं ते करतं. कातडीकडचा रक्तपुरवठा आवळतो, अंगावर शहारा येतो, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करायला लागतात.

मला एकदा सणकून ताप भरला तेव्हा मी दर दहा-पंधरा मिनिटांनी थर्मामीटर लावून पाहत होतो. (आजारपणात करायला दुसरं काही नसतं.) हुडहुडी सर्वांत जोरात होती तेव्हा आकडा जेमतेम शंभर होता आणि बोटं बर्फासारखी गार, नखं निळसर. १०३ ला पोचलो आणि थंडी एकदम थांबली. तेव्हा वाटलं, उतरायला लागला बहुतेक. खरं म्हणजे तो मुक्कामी पोचला होता. रात्री गोळीनंतर काटा खाली आला, कातडी लाल झाली, अंगातून घामाच्या धारा लागल्या. तो घाम म्हणजे जास्तीची उष्णता बाहेर फेकणं.

म्हणूनच पॅरासिटामॉल तापावर चालतं. मेंदूतलं प्रोस्टाग्लँडिन ते कमी करतं आणि काटा परत खाली येतो. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

ताप ही शरीराची चूक नाही, हे पटत नसेल तर सरड्यांकडे बघावं. त्यांना स्वतःची उष्णता फारशी निर्माण करता येत नाही. तरीही १९७० च्या दशकात मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की जिवाणूंची लागण झालेले वाळवंटी इग्वाना मुद्दाम जास्त गरम जागी जाऊन बसतात, आणि ज्यांना गरम होऊ दिलं नाही त्यांच्यात मरण्याचं प्रमाण जास्त होतं.

आता उष्माघात. इथे काटा ३७ वरच असतो. कोणी सरकवलेला नाही. हायपोथॅलॅमस जिवाच्या आकांताने शरीर गार करायला बघतोय, पण जमत नाही. कारण साधं आहे. काहीही न करता पडून राहिलं तरी साठ किलोचं शरीर तासाला साधारण ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतं, आणि ते एका अंशाने तापायला ५० किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर जायचे सगळे रस्ते बंद झाले, तर नुसतं बसल्या बसल्या तासाभरात सव्वा-दीड अंश वाढेल. कष्टाचं काम असेल तर याच्या कित्येक पट.

हवा कातडीपेक्षा गार असते तोवर उष्णता आपोआप निघून जाते. हवाच कातडीहून गरम झाली की ती उलट आत यायला लागते, आणि उरतो फक्त घाम. घाम मात्र जबरदस्त साधन आहे: एक लिटर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. त्याच साठ किलोच्या माणसाला एक अंश उतरवायला अर्ध्या पेल्याहूनही कमी घाम पुरतो. अट एकच, तो सुकला पाहिजे. दमट हवेत तो नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम गारवा देत नाही, फक्त अंगातलं पाणी नेतो.

ही उष्णता आतून कातडीपर्यंत वाहून आणतं ते रक्त. एरवी कातडीकडे मिनिटाला अर्धा लिटरसुद्धा रक्त जात नाही, कडक उष्म्यात ते सहा-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. विश्रांतीत अख्खं हृदय मिनिटाला पाचेक लिटर ढकलतं, हे लक्षात घेतलं की त्याच्यावर काय बेतत असेल ते कळतं. एवढं रक्त आणायचं कुठून? आतड्यांच्या वाटचं कमी करून. त्यातच घामाने पाणी गेलेलं. आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि जिवाणूंची विषं रक्तात झिरपतात.

इथून पुढे गोष्ट रक्त गोठण्यापर्यंत जाते, आणि हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. उष्णतेने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, आणि जखम झाल्यासारखं समजून रक्त ठिकठिकाणच्या बारीक वाहिन्यांत गोठायला लागतं. मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांचा पुरवठा तुटतो. गुठळ्या करण्यात प्लेटलेट आणि गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात, मग जिथे गोठायला हवं तिथेच रक्त थांबत नाही. सुई टोचलेल्या जागेतून ते झिरपत राहतं. साध्या तापात हे होत नाही. तापाला सहसा ४१ च्या आसपास शरीर स्वतःच लगाम घालतं. उष्माघाताला असा लगाम नसतो.

म्हणून उष्माघातात पॅरासिटामॉल देणं व्यर्थ. काटा सरकलेलाच नाही तर खाली काय आणणार? आधीच होरपळलेल्या यकृतावर मात्र भार पडतो. तिथे हवं ते गार पाणी, आणि तेही लगेच: कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, जमलं तर गार पाण्यात बसवा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

तापात नेमकं उलटं. हुडहुडी भरलेल्या माणसावर बर्फाचं पाणी मारलं तर शरीर आणखी थरथरून उष्णता भरून काढतं. त्रास तेवढा वाढतो. हे करणारी मंडळी मायेनेच करतात, पण रोग्याची परवड होते.

मग ओळखायचं कसं? कातडी कोरडी असेल तरच उष्माघात, हा समज सोडून द्या. वृद्धांना घरात बसल्या बसल्या होतो तेव्हा ती बरेचदा कोरडी असते, पण धावताना किंवा कष्ट करताना कोसळलेला माणूस घामाने चिंब असू शकतो. आधी कुठे होता आणि काय करत होता हे विचारावं, आणि बोलणं भरकटलंय का ते बघावं. भरकटलं असेल आणि उष्म्याची पार्श्वभूमी असेल, तर थर्मामीटर शोधत बसू नये. तापातही क्वचित माणूस बरळतो. तेव्हाही ती डॉक्टरांकडे नेण्याचीच वेळ असते.

एक तिसरा प्रकार दोन्हींत बसत नाही. काही माणसांच्या स्नायूंत जन्मजात दोष असतो. भूल देण्याचे काही वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे भूल देताना स्नायू सैल करणारं औषध मिळालं की त्यांचे स्नायू भट्टीसारखे पेटतात, संसर्ग नाही, ऊन नाही. याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. उतारा आहे डँट्रोलीन, आणि ते मेंदूवर नव्हे, थेट स्नायूवर काम करतं. गंमत म्हणजे नावात तापमान असलं, तरी भूलतज्ज्ञाला पहिली चाहूल बहुधा रोग्याच्या उच्छ्वासातल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडवरून लागते. अंग तापतं ते बरेचदा त्यानंतर.